महाळुंगाचं पान आणि बसऱ्याचा चाकू

रत्नागिरीत फळझाडांच्या केंद्रात मला नोकरी लागली, तेव्हा नातेवाइकांना माझ्याबद्दल अचानक माया वाटायला लागली. ज्या मामांनी माझ्या लग्नाला यायचंसुद्धा टाळलं होतं, ते पेढे घेऊन घरी आले आणि निघताना म्हणाले, "मे महिन्यात येऊन जातो गो." मी म्हटलं, "या की. पण मामा, मी लिंबाकडे आहे." मामांनी पेढ्यांच्या बॉक्सकडे असं बघितलं, की आता तो परत मागतात की काय असं मला वाटलं. त्यानंतर मामा भेटले ते थेट माझ्या सेवानिवृत्तीच्या समारंभात.

हापूसच्या मुलखात लिंबाचं काम करायचं म्हणजे वरातीत बत्ती धरून चालायचं. सगळ्यांचं लक्ष घोड्यावरच्याकडे. आंबेवाल्यांकडे मंत्री यायचे, टीव्हीवाले यायचे, केंद्राची जीप कायम त्यांच्याच दिमतीला. आमच्या विभागात साहेब, मी, एक जाळीघर आणि त्यात कुंड्यांतून लावलेली महाळुंगाची रोपं. माझ्या पदाचं नाव प्रयोगशाळा सहायक. काम मात्र नर्सचं. पेशंट तपासायचे, नोंदी ठेवायच्या आणि नातेवाइकांची समजूत काढायची. यातलं तिसरं सगळ्यांत अवघड, कारण झाड बोलत नाही आणि झाडाचे मालक गप्प बसत नाहीत.

एक गृहस्थ तपासणीसाठी लिंबाचं पान घेऊन आले. पान हिरवंगार, खोबरेल लावून पुसलेलं. मी विचारलं, "हे आजारी झाडाचं?" तर म्हणाले, "होय, पण त्यातलं चांगलं बघून आणलंय. सरकारी हापिसात जायचं तर वाईट कसं आणायचं?" म्हणजे पेशंट घरी झोपवून त्याच्या धडधाकट भावाला दवाखान्यात आणल्याची गत. दुसऱ्या एकांना तपासणी नकोच होती. आपल्या झाडाचा रोग शेजाऱ्याच्या झाडावरून आला, असं पत्र गोल शिक्क्यासह हवं होतं. कोरोनाच्या आधी पीसीआर म्हणजे काय हे समजावताना माझा घसा बसायचा. कोरोनानंतर ती अडचण संपली आणि नवी सुरू झाली. लोक गंभीर चेहऱ्यानं विचारायला लागले, "बाई, झाडाच्या नाकात काडी घालता ती नक्की कुठं?"

आता थोडं धंद्यातलं सांगते. लिंबाच्या जातीच्या झाडांना बुरशी होते, किडी होतात. त्यावर फवारा मारता येतो. विषाणू शिरला तर मात्र औषध नाही. आणि विषाणूपेक्षाही फाटका एक प्राणी आहे, त्याला व्हायरॉइड म्हणतात. विषाणूच्या अंगावर निदान एक कोट असतो. व्हायरॉइड तसाच उघडा. सूक्ष्मदर्शकातून बघाल तर दिसत नाही, झाड कापून बघाल तर सापडत नाही. एका झाडातून दुसऱ्यात तो जातो कलमाच्या डोळ्यातून, म्हणजे कलम करायला फांदीवरून सालीसकट काढतात त्या कळीतून, आणि कापणाऱ्याच्या चाकूवरून. बियांतून सहसा जात नाही. त्याला पकडायचं जुनं आणि नामी साधन म्हणजे महाळुंग, लिंबाचंच जाड सालीचं भावंड. संशयित झाडाच्या सालीचा नखाएवढा तुकडा महाळुंगाच्या रोपात बसवायचा आणि वाट बघायची. व्हायरॉइड असेल तर काही महिन्यांत महाळुंगाचं पान खाली वळतं, मागची शीर तपकिरी पडते. बाकीची झाडं वर्षानुवर्षं आजार लपवतात, महाळुंग मात्र तोंडावर सांगून मोकळं होतं. या कामाला उकाडा लागतो आणि रत्नागिरीत त्याची ददात नाही. बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत नमुने पाठवायची सोयही होती, पण तिथला अहवाल येईपर्यंत आमचं महाळुंग बोलून गेलेलं असायचं.

माझ्या नोकरीतली सगळ्यांत मोठी केस लोट्याहून आली. रशीद नावाचा माणूस, तिथल्या एका कारखान्यात पाळीवर कामाला. त्याच्या अंगणातलं लिंबाचं झाड बारा वर्षांचं होऊन कमरेएवढंच राहिलं होतं आणि खोडाची साल खालच्या अंगाला तडकून पापुद्र्यांसारखी सुटत होती. "मॅडम, कंपन्यांचा धूर," रशीद म्हणाला. त्याचं निदान तयार होतं, मी फक्त सही करायची होती. मी नमुने घेतले. निघताना त्याच्या बायकोनं, जुबेदानं, जेवायला बसवलं. बांगड्याचं कालवण, भाकरी आणि लिंबाचं लोणचं.

दोन आठवड्यांनी अलोऱ्याच्या वीज प्रकल्पाच्या कॉलनीतून तशीच तक्रार आली. तेच ठेंगणं झाड, तीच तडकलेली साल. तिथलं निदान, प्रकल्पाचं पाणी. तिथेही जेवायला बसवलं. (आंबेवाल्यांना पेट्या मिळायच्या, आम्हाला जेवण. माझी तक्रार नाही.) पानात लोणचं आलं आणि पहिल्या घासाला मी थांबले. चव तीच, लोट्याची. तशीच मेथीची कडसर झाक, तसाच मऊ तुकडा. आणि दोन्हीकडे एकही बी दाताखाली आली नव्हती.

"लिंबाच्या बिया काढून टाकता का हो?" मी विचारलं.

"बियाच नसतात," ती बाई म्हणाली. "आमच्या आईच्या झाडाच्या लिंबाला बी नाय. लोणचं आईकडनं येतं, आमच्या झाडाला लिंबा कुठली धरायला? लोट्याला बहीण हाय माजी, तिकडे पण आईच पाठवते."

मी भाकरी तशीच ठेवली आणि वही काढली. बी नाही म्हणजे झाड बियांपासून झालेलं नाही. बी नाही म्हणजे डोळा भरूनच वाढवलेलं. ना धूर, ना पाणी. रोग आईकडून आला होता. साहेबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "जाधवबाई, निदानाची पद्धत काय लिहू? लोणचं?"

आई म्हणजे हमीदाबी. भाट्याचा पूल ओलांडून खाडीच्या कडेनं आत गेलं की माडांच्या वाडीत तिचं घर. सत्तरी पार केलेली, काटकुळी आणि आवाज मात्र खाडीच्या पलीकडे ऐकू जाईल असा. मुलगा कुवेतला, सून शिवणकाम करणारी, नात सना फार्मसीच्या पहिल्या वर्षाला. अंगणात ते झाड होतं. मी झाडं बघण्यात आयुष्य घालवलं, पण असं लगडलेलं लिंबाचं झाड क्वचित पाहिलं. फांद्यांना टेकू दिलेले.

"ह्याला आजार?" हमीदाबी म्हणाली. "बाय, तुज्या डोळ्यांना चष्मा हाय ना? मग बग की नीट."

तिचं म्हणणं डोळ्यांना पटत होतं. गंमत अशी, की ते झाड गुटी बांधून केलेलं, स्वतःच्या मुळांवर उभं होतं. असं झाड व्हायरॉइड पोटात घेऊन खुशाल जगतं. पण त्याचा डोळा काढून रंगपूर लिंबाच्या रोपावर भरला, की खालचं रोप तो सोसत नाही. साल तडकते, झाड खुरटतं. आई ठणठणीत आणि लेकी आजारी, असा तो प्रकार.

आणि डोळे भरायची ती स्वतः. त्या घरात रीत होती. मुलगी सासरी निघाली की तिच्यासोबत या लिंबाचं रोप द्यायचं, आणि त्या रोपावर डोळा घरातल्या सगळ्यांत मोठ्या बाईनं आपल्या हातानं भरायचा. हमीदाबीला तिच्या सासूनं शिकवलं होतं. तिचा हात इतका बसलेला होता, की खाडीकाठच्या वाड्यांतल्या बायका आपापली लिंबं, ईडलिंबं तिच्याकडूनच बांधून घ्यायच्या. तिचा चाकू होता हाडाच्या मुठीचा, घडीचा. नवरा जहाजावर खलाशी, त्यानं बसऱ्याहून आणलेला. नवरा जाऊन तीस वर्षं झाली होती. त्याचे कपडे वाटून टाकले, पेटी मुलानं नेली, फोटो पावसात भिजून गेला. "त्यांचा म्हणून एवढाच उरलाय," तिनं चाकू उघडून मला दाखवला. पातं अस्सल पोलादाचं, वाऱ्याला धार लागावी असं.

मी त्या पात्याकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर हा चाकू तीस वर्षांच्या वर फिरतोय.

"कापल्यावर धुता कशानं?"

"धुवायचं कशाला? पदराला पुसते."

तिथे मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत उद्धट भाषण केलं. मी तेव्हा चाळिशीत होते, पण कामाबाबत नव्या सुनेसारखी कडक. व्हायरॉइड पदरानं जात नाही, स्पिरिटनं जात नाही, दिव्यावर पातं धरलं तरी त्याचा भरवसा नाही, त्याला ब्लिचिंग पावडरचं पाणीच लागतं, आणि तुमच्या या चाकूनं निम्म्या गावाची झाडं बाटवलीत, असं सगळं मी एका दमात म्हणाले. सना खांबाला टेकून ऐकत होती. हमीदाबीनं चाकू मिटला.

"म्हणजे पोरींना मीच आजार दिला?" तिनं विचारलं.

ती सांगत गेली. जुबेदाच्या सासूनं तिला वर्षानुवर्षं ऐकवलं होतं, माहेरचं झाड पण खुरटंच आणलंन म्हणून. थट्टेत म्हणायच्या, पण पोरगी फोनवर रडायची. धाकटीनं तर झाडाभोवती विटांचा पार बांधून घेतला होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते किती लहान आहे हे दिसू नये म्हणून. "आणि आता सनाचं शिक्षण झालं की लग्न. तिला काय देऊ? तिला पण तोच आजार देऊ?"

त्या क्षणी मला जे बोलायचं नव्हतं ते मी बोलून गेले. "सनाच्या लग्नाला मी निरोगी रोप देईन. याच लिंबाचं."

साहेबांनी हे ऐकून चष्मा काढून पुसला. केंद्रात कुणीही कुणाला लग्नाच्या मुहूर्तावर रोप द्यायचं वचन दिल्याची नोंद नव्हती. त्यांनी आपलं नेहमीचं पत्र काढलं, मातृवृक्ष समूळ काढून नष्ट करावा. मी ते हमीदाबीला नेऊन दिलं. पुढच्या खेपेला ते पत्र लोणच्याच्या बरणीखाली घातलेलं दिसलं, बुडाला तेलाचं वर्तुळ उमटलेलं. शिक्का मात्र वाचता येत होता.

पुढं काय करायचं ते ठरलेलं होतं. आधी महाळुंगाकडून पक्कं करून घ्यायचं, की झाडात व्हायरॉइड आहे का, आणि एखादी फांदी त्यातून सुटली आहे का. मी फांद्याफांद्यांचे तुकडे आणून महाळुंगाच्या रांगेत बसवले. दोन रोपं मोकळी ठेवली, तुकडा न लावता. ती साक्षीदार. त्यांची पानं सरळ राहिली तरच बाकीच्यांच्या वाकड्या पानांना अर्थ. मग नवी पालवी यावी म्हणून सगळ्या रोपांचे शेंडे छाटले.

चार महिन्यांनी पानं वळली. सगळीच. तुकडा लावलेल्यांची वळली आणि दोन्ही साक्षीदारांचीही वळली.

मी जाळीघरात स्टुलावर बसले आणि माझा हात कुठं कुठं फिरला होता ते आठवायला लागले. छाटणीचा दिवस आठवला. हायपोची, म्हणजे ब्लिचिंगच्या तयार पाण्याची, बाटली संपली होती, भांडारात मागणी टाकून तीन आठवडे झाले होते, साहेब रोज विचारत होते. मी सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेतला आणि एकेका रोपानंतर पुसत गेले. कापूस आणि स्पिरिट. बुरशीच्या कामाची जुनी सवय, आणि स्पिरिटनं पुसलं की पातं इतकं लखलखीत दिसतं की स्वच्छच वाटतं. हमीदाबीच्या अंगणात ज्या तोंडानं मी स्पिरिटनं जात नाही म्हणून भाषण ठोकलं होतं, त्याच तोंडाची मी, रोग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्यवस्थित वाटत गेले होते. रांगेत एकही रोप मी सोडलं नव्हतं. पंक्तीत वाढताना सुद्धा माझ्याकडून इतका समान न्याय कधी झाला नसेल.

सगळी रोपं जाळावी लागली. नवी महाळुंगं बियांपासून वाढवायची म्हणजे वर्ष गेलं. सना तोवर दुसऱ्या वर्षाला.

साहेब चांगले होते. म्हणाले, "उष्णतेमुळे रोपं दगावली असं लिहू." कागदावर ते खपलंही असतं. पण वचन कागदावर दिलेलं नव्हतं. मी भाट्याचा पूल ओलांडून गेले. हमीदाबी अंगणात कोकमाची सोलं वाळत घालत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. हायपो संपल्याचं सांगितलं, कापसाचं सांगितलं, साक्षीदारांचं सांगितलं. एक वर्ष वाया गेलं हेही सांगितलं.

तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हणजे तू पण पुसलास?"

"हो."

"पदराला?"

"कापसाला. स्पिरिट लावून."

ती हसायला लागली. आधी हळू, मग सगळी वाडी ऐकेल एवढ्यानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "सना, गो सना, बाहेर ये! आपली डॉक्टरीणबाय पण पुसते गो!" सना बाहेर आली, तीही हसली. मी हसावं की रडावं ते न कळून उभी. हसू ओसरल्यावर हमीदाबीनं कनवटीचा चाकू काढून माझ्यापुढे धरला. त्याला मी हात लावलेला तिला तोवर चालत नसे. "घे," ती म्हणाली. "तुज्या त्या पाण्यात कसा बुडवायचा ता दाखव. आता तुजं आयकते."

विहिरीत टाकतात ती ब्लिचिंग पावडर ग्रामपंचायतीच्या शिपायाकडून सनानं आणली. फार्मसीवाली असल्यानं प्रमाण तिनंच काढलं. प्लॅस्टिकची जुनी बादली आली. दहा मिनिटं बुडवून ठेवायचा, मी म्हटलं. हमीदाबीला घड्याळ नको होतं. तिनं तस्बीह काढली आणि मणी ओढत बसली. दोन फेऱ्या झाल्या तेव्हा माझ्या घड्याळात अकरा मिनिटं झाली होती. "एक मिनिट तुला जास्तीचं," ती म्हणाली.

नव्या महाळुंगांनी झाडाच्या प्रत्येक फांदीत रोग असल्याचं सांगितलं, आणि त्यानंतरचं काम माझं. रोगी झाडातून निरोगी रोप काढायची एकच वाट आहे. कोवळ्या फुटव्याच्या अगदी टोकाशी, खसखशीच्या दाण्याहून बारीक असा एक कण असतो, तिथवर रोग बहुधा पोचलेला नसतो. तो कण सूक्ष्मदर्शकाखाली कापायचा आणि काचेच्या नळीत वाढवलेल्या इवल्या रोपाच्या मानेवर बसवायचा. शिंक आली तर गेलं. हात थरथरला तर गेलं. मोठा कापला तर रोग सोबत येतो, फार लहान कापला तर जगत नाही. मी सकाळी चहा न घेता बसायचे, कारण चहानं माझा हात हलतो. पहिली नळी काळी पडली, दुसरी, दहावी, विसावी. आंबेवाले दारातून डोकावून विचारायचे, "काय बाई, लिंबू पिळताय?"

सना तिसऱ्या वर्षाला गेली तेव्हा एका नळीत हिरवा ठिपका तग धरून होता. तो दोन पानांचा झाला, मग चारांचा. त्याला कुंडीत हलवलं तेव्हा मी त्याला नाव ठेवायचं टाळलं. आमच्या आईनं सांगितलं होतं, बारशाआधी नावानं हाक मारू नये. त्याच्या सालीचा तुकडा महाळुंगावर बसवला आणि या वेळी सिकेटरसाठी हायपोच्या दोन बाटल्या जवळ ठेवल्या, एक भांडारातली आणि एक माझ्या घरची.

महाळुंगाची पानं सरळ राहिली. साक्षीदारांचीही. बाहेर पाठवलेल्या नमुन्याचा पीसीआर अहवालही साफ आला, पण तो येईपर्यंत मी जाळीघरात एकटीच टाळ्या वाजवून घेतल्या होत्या.

आता त्याच्यापासून सनाचं रोप करायचं, आणि रीतीप्रमाणे डोळा हमीदाबीनंच भरायचा, त्याच चाकूनं. मी केंद्रात परवानगी मागितली नाही, कारण मिळाली नसती. ती जाळीघरात आली, चपला बाहेर काढल्या, येताना स्वतःची बादली घेऊन. चाकू बुडवला. तस्बीह फिरली. मग तिनं पातं झटकलं आणि एका ओढीत डोळा उचलला. मी इतकी वर्षं डोळे भरले, पण तसा काप मला कधी जमला नाही. बांधून झाल्यावर ती हात न पुसता तसेच धरून उभी राहिली, पदराला लागू नयेत म्हणून.

"तुमच्यात पोरीला काय देतात?" तिनं एकदम विचारलं.

"मला आईनं बुद्धवंदनेचं पुस्तक दिलं आणि प्रेशर कुकर."

"कुकर हाय अजून?"

"शिट्टी बदलली चारदा."

"झाड बरं," ती म्हणाली. "त्याला शिट्टी लागत नाय."

लग्नाच्या दहा दिवस आधी शेवटची खात्री झाली. त्या रोपाचा तुकडा लावलेल्या महाळुंगाचं पान मी तळहातावर घेतलं, उलटं करून शीर बघितली. हिरवी. मी फोन लावला आणि एवढंच म्हटलं, "पान सरळ आहे." पलीकडे हमीदाबी फोन तसाच धरून घरात कुणाला तरी ओरडून सांगत असलेली ऐकू आली.

सना चिपळूणला गेली. रोप नवरीच्या गाडीत पुढच्या सीटवर, पट्टा लावून. ती जागा धाकट्या दिराची होती, त्याला मागे कोंबलं. निघायच्या आधी हमीदाबीनं जावयाला बाजूला घेतलं. मला वाटलं, नातीला सांभाळ म्हणून सांगत असेल. जवळ गेले तर ऐकू आलं, "ब्लिचिंग पावडर कुठं मिळते ता ठाव हाय ना तुला?"

जुन्या झाडाचं काय करायचं हा प्रश्न उरला. तिनं मला विचारलं, आता पाडू का? हेच सांगणारं पत्र मी स्वतः तिला नेऊन दिलं होतं. पण टेकू दिलेल्या त्या फांद्यांकडे बघून माझ्याच्यानं हो म्हणवेना. मी सांगितलं, राहू दे. फक्त त्याला चाकू लावू नका, त्याचा डोळा कुणाला देऊ नका, लिंबं हातानं पिरगळून काढा. साहेबांना मी कळवलं, की वृक्ष निगराणीखाली ठेवला आहे. निगराणी हमीदाबीची होती, तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं.

त्यानंतर खाडीकाठी हमीदाबीचंच राज्य झालं. निरोगी रोपाचे डोळे तिनं जुबेदाकडे नेऊन भरले, धाकटीकडे भरले, मग वाड्यावाड्यांत. कुणी नुसता पुसलेला चाकू घेऊन आलं तर त्याला पायरी चढू देत नसे. आमच्या केंद्राचं प्रशिक्षण महागडं आणि दोन दिवसांचं. तिचं फुकट, आणि शिव्यांसकट. मी दरवर्षी तिच्या झाडांचे नमुने घेत गेले आणि दरवर्षी पानं सरळ येत गेली. सेवानिवृत्तीच्या भाषणात साहेबांनी माझं कौतुक केलं, जिल्ह्यात या रोगाला आळा घालण्यात जाधवबाईंचा मोठा वाटा, वगैरे. मामा पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. मी पण ते कौतुक घेतलं, सगळंच्या सगळं.

निवृत्तीनंतर महिन्याभरानं मी हमीदाबीकडे गेले, कामाशिवाय. ती अंगणात एका शेजारणीच्या रोपावर डोळा भरायच्या तयारीत होती. बादली शेजारी, तस्बीह हातात. पाण्यातून तिनं चाकू काढला आणि मी बघतच राहिले. हाडाची मूठ होती. पातं निम्मंसुद्धा उरलं नव्हतं. कडेला खाचा पडलेल्या, मध्ये भोक, बांगड्याच्या काट्याएवढी एक पट्टी शिल्लक.

मला तिथल्या तिथं कळलं. ब्लिचिंगचं पाणी पोलाद खातं. बुडवून काढल्यावर साध्या पाण्यानं धुवायचं, पुसायचं आणि तेलाचा हात फिरवायचा. माझा सिकेटर मी रोज तसाच ठेवत आले. ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की दुसऱ्याला सांगायचं असतं हे ध्यानातच आलं नाही. प्रमाण सांगितलं, मिनिटं सांगितली, भाषण केलं. तेवढं सांगायचं राहिलं. आणि मी दरवर्षी येत होते, पण माझे डोळे कायम पानांवर.

"हमीदाबी," मी म्हटलं, "बोलला का नाहीत? धुवून तेल लावलं असतं तर..." त्यांचा म्हणून एवढाच उरलाय, असं ती म्हणाली होती ते कानात होतं. मला रडू आलं, शेजारणीच्या देखत.

तिनं पातं उन्हात धरून बघितलं. "तुज्या पाण्यानं खाल्लान खरा," ती म्हणाली. "पण तू सांगितलास बुडव, मी बुडवला. धुवून तेल लावलं आणि तो मेला परत चिकटला तर? मग माज्या पोरी..." तिनं वाक्य तिथंच सोडलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "झाडं साफ हायत ना? सगळी?"

"सगळी साफ आहेत."

"मग झालं."

तिनं शेजारणीचं रोप जवळ ओढलं, मला सरकून बसायची खूण केली, आणि तो काट्याएवढा चाकू पुन्हा बादलीत बुडवून तस्बीहचा पहिला मणी ओढला.